लघवी सुटते म्हणून पाणी तोडू नका

लग्नाला किंवा परगावी जायचं ठरलं, की सकाळपासून पाणी तोडणारी एखादी मावशी किंवा आत्या बहुतेकांच्या नात्यात असते. चहा अर्धा कप, तोही निघायच्या बराच आधी. एसटीत बसल्यावर बाटली पिशवीतून बाहेर निघत नाही. कुणी आग्रह केलाच तर "मला मुळी तहानच लागत नाही गं" हे ठरलेलं उत्तर. कार्यालयात पाऊल ठेवलं की आधी बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते हेरायचं आणि त्याच बाजूची खुर्ची धरायची. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. ते गुडघ्यांचं, गर्दीचं, रात्रीच्या प्रवासाचं निमित्त पुढे करतात, एवढंच.

आतलं कारण बरेचदा एकच असतं: लघवी धरवत नाही. बाळंतपणं झालेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे सर्रास आढळतं, साठीपुढच्या पुरुषांमध्येही पुष्कळ दिसतं. डायबेटिस, पक्षाघात, पार्किन्सन यांच्यासोबत तर ते बरेचदा येतं. तरी शुगर किती आली हे चारचौघांत सांगणारी माणसं यावर डॉक्टरांसमोरही गप्प बसतात. "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय संपवला जातो.

मला इथे मुख्यतः एक गोष्ट पटवायची आहे. गळती लपवण्यासाठी माणसं जे करतात, म्हणजे पाणी तोडणं, लागली नसताना सारखं जाऊन येणं, घराबाहेर पडणंच बंद करणं, त्यानेच गळती वाढते.

आत काय चालतं

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसभरात साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती मूत्राशयात साठते. मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी, मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते. दीडशे-दोनशे मिली झाली की लागल्याची पहिली जाणीव होते. ही नुसती सूचना असते, लगेच पळण्याचा हुकूम नव्हे. मेंदू "थांब" म्हणतो, पिशवीचा स्नायू सैल राहतो, खालचा झडपेचा स्नायू आवळलेला राहतो. योग्य जागी पोचलो की मेंदू परवानगी देतो आणि दोघांची कामं उलटतात: पिशवी आकुंचन पावते, झडप सैल होते. या सगळ्याला खालून आधार देणारे स्नायू पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. बायकांमध्ये मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिन्ही या झोळीत विसावलेले असतात.

आता पाणी तोडलं की काय होतं ते पाहा. लघवी कमी होते, पण ती गडद आणि तीव्र होते आणि मूत्राशयाच्या अस्तराला चुरचुरते. म्हणून थोडी साठली तरी घाई लागते. बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देतं. जंतुसंसर्गालाही वाट मिळते. म्हणजे ज्यासाठी घसा कोरडा ठेवला, तेच पदरात पडलं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास द्रवपदार्थ पोटात जायला हवेत. बदलायची ती वेळ: सकाळ-दुपार भरपूर, झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी. आणि चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन पिशवीला डिवचतं, त्यामुळे चार-पाच कपांवरून दोनावर आलात तरी फरक कळतो. एकदम तोडू नका, डोकं धरतं.

"निघायच्या आधी जाऊन येते" ही सवयही तपासून बघण्यासारखी आहे. लांबच्या प्रवासाआधी ठीक, पण दर अर्ध्या-पाऊण तासाला लागली नसताना जात राहिलं, तर पिशवीला थोड्याशा लघवीवरच घंटा वाजवायची सवय लागते.

गळती कोणती, यावर पुढचं सगळं अवलंबून

खोकला, शिंक, खळखळून हसणं, भरलेली बादली उचलणं, जिना उतरणं, आणि तेवढ्याच क्षणी चार थेंब किंवा एक पिचकारी. ही दाबाची गळती. पोटात दाब वाढतो आणि सैलावलेली झोळी झडपेला आधार देऊ शकत नाही. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, जन्मभर उचललेली ओझी ही तिची कारणं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, बाळंतपणानंतर फारशी विश्रांती न घेता पुन्हा फडात उतरतात. त्यांच्या तोंडून "अंग बाहेर येतं" म्हणजे गर्भाशय खाली उतरतं, ही तक्रार ऐकू येते, आणि तिच्यासोबत लघवीचीही. अंग बाहेर येत असेल तर सोयीची रिंग बसवून ते वर धरता येतं. ऑपरेशन हा एकमेव मार्ग नाही, हे अनेकींना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी घाईची गळती. इथे खोकण्या-शिंकण्याचा संबंध नाही. बाई ओट्याशी भांडी घासत असते, नळ चालू असतो, हाताला गार पाणी लागतं आणि एकदम अशी कळ येते की हातातलं पातेलं टाकून धावावं लागतं. पोचेपर्यंत परकर ओला. बाहेरून घरी आल्यावर कुलपात किल्ली घालतानाही हेच. मेंदूने "थांब" म्हटलेलं असताना पिशवी स्वतःच्या मर्जीने आकुंचन पावते. कित्येक बायकांमध्ये दाबाची आणि घाईची अशी दोन्ही एकत्र असतात. अशा वेळी जी जास्त छळते तिच्यापासून सुरुवात करायची.

तिसरी फसवी असते. पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही, काठोकाठ भरून थेंब थेंब बाहेर येत राहते. पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटमुळे, आणि कुणालाही जुन्या डायबेटिसने नसा बधिर झाल्या असतील तर असं होतं. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, ओटीपोट फुगलेलं. घरच्यांना वाटतं लघवी फार होते आहे, आणि ते डायपर बांधून मोकळे होतात. प्रत्यक्षात आत लघवी तुंबलेली असते आणि तिचा दाब मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो. लघवी करून आल्यावर आत किती उरली हे साध्या सोनोग्राफीत दिसतं. ही तपासणी न करता वयस्कर पुरुषाला घाईच्या गळतीची गोळी देणं धोक्याचं, कारण ती पिशवीला आणखी ढिलं करते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने सर्दीची गोळीही विचारूनच घ्यावी. काही गोळ्यांनी लघवी पार अडते.

आणि कधी कधी मूत्राशय ठणठणीत असतं, माणूसच वेळेत पोचू शकत नाही. गुडघे वाकत नाहीत, पॅसेजमध्ये अंधार, लेंग्याच्या नाडीला बसलेली गाठ, खाली बसायचं भारतीय संडास. याला औषध नाही, सुतार-प्लंबर लागतो. पलंगाशेजारी कमोड खुर्ची, भिंतीला धरायला दांडी, रात्रभर जळणारा छोटा दिवा, नाडीऐवजी इलॅस्टिक. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, आणि त्या साधनांच्या यादीत कमोड खुर्ची आहे. लोक त्यातून चष्मा आणि काठी घेतात, खुर्चीचं नाव कुणी काढत नाही.

याखेरीज औषधांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे उलटी करा. बीपीच्या गोळीत बरेचदा लघवी वाढवणारा भाग असतो. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणजे लघवी वाढणारच, आणि खाली खाज-बुरशीही येऊ शकते. झोपेच्या गोळीने लागल्याची जाग येत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण वेळ बदलून किंवा पर्याय घेऊन काम होण्यासारखं असतं.

स्नायूंचा व्यायाम आणि पिशवीला वळण

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि इतका चुकीचा केला जाणाराही नाही. चारचौघांत गॅस अडवताना आपण जे आवळतो, ते हे स्नायू. ते आत आणि वर ओढायचे. बरेच जण उलट खाली जोर लावतात, श्वास कोंडतात किंवा नुसतेच कुल्ले आवळतात. त्याने फायदा शून्य, कधी तोटाच. पाचेक सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला आडवं पडून, जमायला लागलं की बसून, मग उभं राहून. लघवीची धार मधेच तोडून हा व्यायाम रोज करायचा नाही. पिशवी अर्धवट रिकामी राहण्याची सवय लागते.

निकाल यायला तीन महिने लागतात. दुसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारेच जास्त. जमतंय की नाही याची शंका असेल तर या कामातल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी जाऊन यावं. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या पुरुषांनाही हाच व्यायाम दिला जातो, तो बायकांचा समजून टाळू नका. त्यातली एक युक्ती मात्र लगेच वापरता येते: शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा, मग खोका.

पुरुषांची आणखी एक वेगळी तक्रार असते. काम आटोपलं, चेन लावली आणि दोन मिनिटांनी पँटवर डाग. मूत्रमार्गाच्या वाकात थोडी लघवी अडकून राहिलेली असते, ती नंतर उतरते. वृषणांच्या मागे बोटाने हलका दाब देत पुढे आणलं की ती तिथेच निघून जाते. फिक्या रंगाची पँट घालायची चोरी राहत नाही.

घाईच्या गळतीसाठी पिशवीला वळण लावावं लागतं. आधी तीन दिवसांची नोंद करा: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेलो, मापाच्या मगात किती आली, गळती कधी झाली. रोज सकाळी पेपर आला की वहीत आदल्या दिवसाचं आठवून लिहिण्यापेक्षा बाथरूमच्या दाराला कागद आणि पेन्सिल टांगून ठेवलेली बरी. नोंदीत दर तासाला जाणं दिसत असेल, तर आठवडाभर सव्वा तासाचं अंतर ठेवायचं, मग दीड तास, असं अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचं. मधेच कळ आली तर धावायचं नाही. धावताना पोटावर दाब येतो आणि लक्षही तिथेच राहतं. उभे असाल तिथे थांबा किंवा बसा, खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा, शंभरातून सात-सात वजा करत जा. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरल्यावर शांतपणे चालत जा.

वजनाबद्दल सगळेच बोलतात, पण इथे आकडा हाताशी आहे. जाड बायकांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या गटात आठवड्यातल्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. नुसती माहिती दिलेल्या गटात ती घट २८ टक्के होती. ७५ किलोच्या बाईसाठी ८ टक्के म्हणजे सहा किलो. बारीक व्हायची गरज नाही, सहा किलो पुरेत.

घराबाहेर

महाराष्ट्रात ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं. पण स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची अवस्था पाहून परत फिरणाऱ्या बाईला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? मुंबईची लोकल तर बिनशौचालयाचीच. बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या हव्यात म्हणून मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली तेव्हा नावावरून पुष्कळ जण हसले होते. ज्यांना धरवत नाही त्यांच्यासाठी तो घराबाहेर पडता येण्या-न येण्याचा प्रश्न आहे.

व्यवस्था सुधारेपर्यंत आपली तयारी आपल्याजवळ. एसटीत पुढची आणि कडेची जागा घ्या, निघायच्या आधीच कंडक्टरला "मला मधे उतरावं लागेल" असं सांगून ठेवा. कारण विचारणारा कंडक्टर विरळा. पिशवीत दोन पॅड, एक परकर किंवा पँट, आतले कपडे, ओले रुमाल आणि घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. गडद आणि छापील कपड्यांवर ओल दिसत नाही. पाळीचं पॅड लघवीसाठी वापरू नका. रक्त घट्ट आणि हळू येतं, लघवी पातळ आणि एकदम येते, त्यामुळे ते पॅड बाजूने गळतं आणि ओलं राहतं. लघवीच्या पॅडमध्ये ओल धरून जेल होणारी भुकटी असते. पुरुषांसाठी वेगळ्या आकाराची पॅडं मिळतात, मोठ्या मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन.

वासाची भीती सगळ्यांत जास्त. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा नाकात जातो, आणि तो राहतो कापडात. ओला कपडा बादलीत तसाच ठेवू नका, आधी साध्या गार पाण्यातून काढा, मग साबण आणि ऊन. वरून अत्तर किंवा फिनेल मारलं की दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो.

रात्र

रात्री उठताना पडणं आणि खुबा मोडणं, हा या आजाराचा खरा धोका. त्यामुळे बाथरूमपर्यंतची वाट मोकळी, पायपुसणं घसरणारं नको, चष्मा हाताशी. ज्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज येते त्यांना रात्री जास्त वेळा उठावं लागतं, कारण आडवं झाल्यावर पायातलं पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडलं तर ते काम दिवसाच उरकतं. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारा.

अंथरुणात गोधडी नको. ती भिजली की पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. गादीवर मेणकापड, त्यावर जाडसर सुती चादर किंवा जुनं लुगडं दुपदरी करून, एवढं पुरतं. मेणकापड थेट अंगाला लागू द्यायचं नाही, घामाने कातडी मऊ पडते. पुरुषांना रात्रीपुरता कंडोम कॅथेटर लावता येतो. तो निरोधसारखा बाहेरून बसतो आणि नळीने बाहेरच्या प्लास्टिकच्या पिशवीला जोडतात. माप बरोबर हवं आणि सकाळी काढून जागा धुवायची. आत घालायची नळी मात्र घरच्यांच्या सोयीसाठी मागून घेऊ नये. जितके दिवस ती आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका.

डायपर बांधायचाच असेल तर

चालत्या-फिरत्या माणसाला पँटसारखा ओढून घालायचा, अंथरुणावरच्या माणसाला चिकटपट्टीचा. माप कंबर आणि नितंबांचं घ्यायचं, यातलं जास्त भरेल ते. "मोठा घेतला तर जास्त धरेल" हा गैरसमज आहे, मोठा डायपर मांडीतून गळतो. एकावर एक दोन बांधण्याचाही उपयोग नाही. आतल्याला मागून प्लास्टिक असतं, त्यातून ओल बाहेरच्यात जात नाही, बाजूने अंथरुणात जाते.

बदलताना माणसाला उचलायचं नसतं, वळवायचं असतं. आपल्याकडे कुशीवर घ्या, जुना डायपर त्याच्या पाठीशी आतल्या बाजूला गुंडाळत न्या, नवा अर्धा उलगडून अंगाखाली सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर वळवून जुना काढा आणि नवा ओढून घ्या. आपली कंबर वाचते आणि त्याची लाजही थोडी. बायकांना पुसताना पुढून मागे. घासू नका, कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, जांघेच्या घडीत ओल ठेवू नका. वरून झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पावडर नको, तिच्या ओल्या गोळ्या होऊन कातडी सोलते. शौच झाली तर तत्काळ, एरवी चार-सहा तासांनी बदलायचा. "अजून मावेल" म्हणून दिवसभर ठेवला की वाचलेले पैसे मलमात जातात. कडेने लाल पुरळ आणि खाज दिसली तर ती बहुधा बुरशी असते. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग ती जास्त पसरते.

सांभाळणारी बहुधा सून, मुलगी नाहीतर ब्यूरोतून आलेल्या मावशी. मुलाने आईचा डायपर बदलणं अजून आपल्याकडे दोघांनाही जड जातं. त्यावर लेक्चर देण्यात अर्थ नाही, पण "पुन्हा केलंत?" हे वाक्य घरातून हद्दपार करता येतं. विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं ओले कपडे कपाटात, उशीखाली लपवतात. त्यांना खोदून विचारू नका, वेळ बांधा: दर दोन-अडीच तासांनी, आणि जेवणानंतर, "चला, जाऊन येऊ" म्हणून सोबत न्यायचं. बऱ्याच जणांचा दिवसाचा डायपर एवढ्याने सुटतो. नवरा-बायकोंच्या बाबतीत, या कारणासाठी वेगळं झोपायला लागलेली आणि एकमेकांना कारण न सांगणारी जोडपी पुष्कळ असतात. जवळ येण्याआधी जाऊन येणं आणि अंथरुणावर एक टॉवेल, एवढ्याने जमण्यासारखं असताना.

डॉक्टर

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून. लघवीची तपासणी, शुगर, आणि वर म्हटलेली सोनोग्राफी. सोबत तीन दिवसांची नोंद नेली तर बोलायला लाज वाटली तरी चालतं, कागद बोलतो. पुढे गरजेप्रमाणे स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट. घाईच्या गळतीला सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन अशा गोळ्या आहेत, पण तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे त्यांचे त्रास, आणि म्हाताऱ्या माणसांत गोंधळलेपण वाढू शकतं. मिराबेग्रॉनला तो त्रास कमी, मात्र बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. पाळी गेलेल्या बायकांना आतून लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो. दाबाच्या गळतीला व्यायामाने भागलं नाही तर आधाराची पट्टी बसवायचं ऑपरेशन.

लघवीत रक्त, ताप-थंडी, लघवी पूर्ण अडणं, किंवा कंबरदुखीसोबत बैठकीची जागा बधिर होणं, पायांतली ताकद जाणं, यांपैकी काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि चाल अडखळती, स्मरण कमी आणि लघवी धरवेना अशी तिन्ही एकत्र आली तर "म्हातारपण" म्हणून सोडू नका. मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असाच दिसतो, आणि त्यावर इलाज होऊ शकतो.

खर्च आणि कचरा

डायपर साधारण ४० रुपयांना एक धरला आणि दिवसाला चार लागले, तर महिन्याला ४,८०० रुपये. पेन्शन नसलेल्या घरात हा किराण्याइतका खर्च आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा. दिवसा वेळ बांधून नेणं आणि फक्त रात्री डायपर, असं जमलं तर खर्च निम्म्याखाली येतो.

वापरलेला डायपर संडासात टाकला तर तो फुगून पाइप तुंबवतो. शेजारणीला दिसू नये म्हणून तो ओल्या कचऱ्यात खाली दडपून देणारी घरं मला माहीत आहेत. खाली तो पुन्हा उपसून वेगळा करणारी बाई हातानेच करते. घनकचरा नियमांप्रमाणे डायपर गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता द्यायचा असतो. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने त्यासाठी सोपी खूण रूढ केली: कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडकं उघडायचं नाही हे घेणाऱ्याला कळतं. शौच असेल तर आधी संडासात झटकून टाका, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा, वर जुना पेपर आणि ठिपका. लाल पेन घरात नसेल तर कुंकवाचं बोटही चालतं.